शंभरातून सात

बारा नंबरच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल
आणि पंख्याचा टक् असा एक आवाज
जो समोरचा माणूस गप्प झाला
की मगच ऐकू येतो.
खिडकीतून दसरा चौकाचे हॉर्न.
माझ्या एप्रनवर पिनेने लावलेलं, जरा वाकडं:
प्रतीक्षा लोहार, प्रशिक्षणार्थी.

फॉर्म म्हणतो, विचारा:
शंभरातून सात वजा करत खाली या.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी.
मला स्वतःला बहात्तरनंतर बोटं लागतात
हे मी लॉगबुकात लिहिलेलं नाही.

बाळगोंडा गाट, वय चोपन्न, राहणार हुपरी.
तीस वर्षं पैंजण झाळण्यात.
चार महिने झोप नाही.
मुलगा घेऊन आलाय, तो बाहेर बाकावर
मोटरसायकलच्या किल्ल्या वाजवत बसलाय.

"शंभरातनं सात?"
"हो काका. सात काढले, तर राहिले किती?"
"कुणी काढलं?"
"म्हणजे... समजा, गेले."
"असं कसं जातील, बाई?
शंभरात सात घट?
चांदी हाय ती. वितळली म्हणून काय हवा व्हत न्हाई.
राखंत बघा. फरशी झाडा.
हात धुतल्यालं पाणी गाळा.
घावतीया."

मी लिहिलं: लक्ष कमी. आकडेमोड जमत नाही.
इंग्रजीत माझं पेन फार भरभर चालतं.

संध्याकाळी इंगवले मॅडमनी फाईल वाचली,
चष्मा कपाळावर सरकवून, उभ्यानेच.
"आकडेमोड जमत नाही?"
"नाही मॅडम."
"मग तीस वर्षं तराजू कोण बघत होतं, तू?"
आणि फाईल माझ्या पुढ्यात टाकून
त्या बस पकडायला निघून गेल्या.

रात्री कागलहून आईचा फोन.
मिरची कांडपाच्या आवाजात ओरडून बोलते ती.
"इंजिक्शन देतीस काय गं?"
"नाही."
"गोळ्या?"
"त्या दुसरे डॉक्टर देतात."
"मग तू काय करतीस?"
"ऐकते."
"काय?"
"ऐकते!"
"आणि त्येला दोन वर्सं लागत्यात व्हय?"

लागतात बहुतेक.
परवा एक बाई म्हणाली, अंग आंबलंय.
मी थकवा लिहिलं
आणि त्यातला आंबूस वास तेवढा गेला.
डोक्यात भुंगा शिरलाय, याला रकाना नाही.
जीव भांड्यात पडंना, यालाही नाही.
स्केलवर शून्य ते तीन एवढीच जागा आहे,
माणसं दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी
पिशवी मांडीवर घेऊन बसतात.

पुढच्या मंगळवारी गाटकाका आले.
आकडे मी विचारलेच नाहीत.
विचारलं, "काका, एवढ्यात मोठी घट कधी आली?"

टक्.
टक्.
पुस्तकात लिहिलंय, शांतता मोडू नका.
पुस्तकात हे नाही लिहिलेलं
की तेव्हा आपल्याच पोटात गुरगुरतं
आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवायला हात शिवशिवतो.

त्यांनी ॲसिडनं पिवळी पडलेली नखं बघितली,
एकेक करून.
"पोरगी फोन उचलंना झालीया.
तिच्या मनानं लगीन केलं, तवा
मी एक वाक्य बोललो दारात.
कुठलं, ते आठवंना बगा.
रातभर झाडतोय.
त्या दिवसाचा शब्दनशब्द गाळतोय.
घावंना."

मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.
मी पेन खाली ठेवलं होतं, का ते पडलं, आठवत नाही.

फाईलमध्ये खाडाखोड चालत नाही.
एकच आडवी रेघ मारायची, शेजारी सही, तारीख.
तशी मारली.
वर लिहिलं, मराठीत: घट. शोध चालू आहे.
परीक्षेला बाहेरचे येतील, ते विचारतील याचा अर्थ.
सांगता येईल असं वाटत नाही.

एक मात्र राहिलंच.
दाराबाहेर किल्ल्यांचा आवाज थांबला होता.
कधीपासून, ते मी नोंदवलं नाही.