तीन नंबरचा बावटा

संध्याकाळी सातला फोनात शाळेची घंटा वाजते.
नातीनं लावून दिलीय, पूर्वानं,
"म्हणजे आजोबा विसरणार नाहीत."
मी चष्मा शोधतो.

"आपणास मागील चोवीस तासांत मळमळ किती प्रमाणात जाणवली?"
शून्यापाशी एक हसरं तोंड.
दहापाशी रडणारं, त्याचे अश्रू निळे.

एकतीस वर्षं मी देवगड बंदरावर खलाशी.
मुंबईहून आधी तार यायची, मग वायरलेस, मग फॅक्स,
आणि मी डोलकाठीवर बावटा चढवायचो.
आमच्या लहान बंदराला तीन, चार, सात, दहा.
मधले आकडे नव्हतेच.
पाच म्हणजे काय, आठ म्हणजे काय,
हे आता गोळ्यांबरोबर शिकायचं.

तीनाला कोणी भीत नसे.
तीन लागला की गाबीत मान वर करायचे,
विडी पेटवायचे आणि होडी लोटायचे.
"तीन काय, तीन तर माझ्या बायलेच्या कपाळार रोज लागता,"
धाकू कुबल म्हणायचा.

म्हणून मी तीन दाबतो.
मळमळ तीन. जुलाब तीन.
सोलकढीचा घोट घेतला की जिभेवर निखारा, तोही तीन.

तळव्यांचं म्हणाल तर
काजूचा चीक लागावा तशी सालं निघतायत.
बोटांवरच्या रेषा गेल्या.
नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला गेलो,
यंत्रावर अंगठा ठेवला, पुसून ठेवला, डावा ठेवला.
"जुळत नाही काका," पोरगा म्हणाला,
"तुम्ही येतच नाही ह्यात."
मालिनी आधी हसली.
मग बराच वेळ पिशवीत काहीतरी शोधत राहिली.

"कित्या खोटा दाबतस?" ती विचारते.
काय सांगू. सात दाबलं तर गोळ्या थांबवतील,
आणि थांबल्या तर आत काय वाढेल
ते कुठल्या काठीवर दिसणार?
शिवाय पुन्हा फोंड्याचा घाट,
पहाटेची एसटी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

एकदा चार चढवायला मला अर्धा तास उशीर झाला होता.
दोरी कप्पीत अडकली.
होड्या सगळ्या परत आल्या.
वहीत मी वेळ बरोबर घातली.
तो अर्धा तास अजून कुठेच लिहिलेला नाही.

मंगळवारी रात्री चौथ्यांदा चादर बदलली.
मालिनी काही बोलली नाही,
न्हाणीत पाण्याचा आवाज तेवढा येत होता.
पाय जमिनीला टेकवेनात.
घंटेची वेळ केव्हाच टळली होती.
सोललेलं बोट फोनला ओळखू येईना,
तेव्हा मुठीच्या सांध्यानं दाबलं:
सात. सात. नऊ.

खाली एक रिकामी चौकट असते,
"इतर काही सांगायचे आहे का?"
तिथे हात आपोआप चालला:
वारा नैर्ऋत्य. समुद्र खवळलेला. होड्या बाहेर आहेत.

रेंज पडवीच्या टोकाला मिळते.
खुरडत गेलो, फोन गजावर टेकवला,
गोल गोल फिरणारं चाक बघत बसलो.

सकाळी आठच्या आत कोल्हापूरहून फोन.
रेश्मा मुजावर, सिस्टर, आवाजात घाटावरचा ठसका.
"गिरकर काका, गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद.
मीठ-साखरेचं पाणी किती गेलं पोटात? ताप बघितला?
उद्या रक्त तपासा तिथंच, घाट चढू नका.
डॉक्टर कमी करून परत सुरू करतील, सोडत नाहीत तुम्हाला."
मग जरा थांबून,
"आणि ते खाली काय लिहिलंय? कुठल्या होड्या?"
सवय, मी म्हणालो.
"मी तसंच पुढं पाठवलंय," ती म्हणाली.

बावटा उतरवायचीही तार यायची.
ती कधी वेळेवर आली नाही.
वारा पडायचा, पाणी तेलासारखं व्हायचं,
पोरं खडपात कालवं फोडायला लागायची,
तरी काठीवर चार तसाच.

आज सातला घंटा वाजली.
हातापायांची आग. मी थोडा वेळ घेतला.
सहा.
आमच्या काठीवर कधीच न चढलेला आकडा.

"सहा म्हणजे केदो?" मालिनी विचारते.
"बघतंय," म्हटलं, "अजून."