शिकण्याचे ठिकाण

अर्ज सात पानांचा.
तो तिने कॅल्व्हिनियाच्या पेट्रोल पंपावर छापून घेतला,
पानाला दोन रँड.
शेवटचं पान तिरकं आलं,
त्याचे पैसे द्यायला फ्रान्सीना तयार नव्हती.

मुलीचं नाव. हात अडखळला नाही:
मेरिस्का क्लास्टे, वय सात.

शिकवणाऱ्याचं शिक्षण.
'सातवी' लिहून तिने
अक्षरांवर फुंकर घातली,
जणू शाई ओली आहे तोवर
इयत्ता थोडी वाढेल.

घरी शिकवण्याचं कारण. त्याला चार ओळी.
चार ओळींत
एकशे दहा किलोमीटर कसे बसवायचे?
रविवारी तिन्हीसांजेला पिकअपच्या हौद्यात गादीची वळकटी,
शुक्रवारी परत, अंगाला वसतिगृहाच्या साबणाचा वास.
थोरला एल्रिको गेला तेव्हा
शेळ्यांशीसुद्धा वाद घालायचा.
तिसऱ्या वर्षी
मीठ हवं असलं तरी बोट दाखवायला लागला.
कुणी मारलं नाही, म्हणाला.
एवढंच म्हणाला.

फ्रान्सीनाने लिहिलं: अंतर.
उरलेल्या तीन ओळी तशाच कोऱ्या.

नवरा पवनचक्क्या दुरुस्त करतो, बोलणं मोजकं.
"सरकारशी खोटं नको," म्हणाला,
"पण सगळंच कशाला?"
कुंपणापलीकडची सोफाया मावशी हसली,
"अगं, न सांगता शिकव.
या माळावर पोरं मोजायला कोण येणार, ससाणे?"
खरंच, कुणी आलं नसतं.
पण लपवलेलं मूल
आधी लपायलाच शिकतं.

शिकण्याचे ठिकाण.
'स्वयंपाकघर' लिहिलं. खोडलं.
'घर' लिहिलं. तेही खोडलं.
मग पाण्याच्या टाकीवर चढून,
जिथे फोनला दोन रेघा येतात तिथे उभं राहून
किम्बर्लीला विचारलं: खोडलेलं चालतं का?
पलीकडच्या बाईला सर्दी होती, घाईही होती.
"खोडा आणि शेजारी सही करा.
त्या रकान्यात सगळेच खोडतात."

वाट पाहण्यात शेळ्या व्यायल्या,
दोन करडं गेली, अकरा जगली.
दहाव्या आठवड्यात लिफाफा आला,
आत नोंदणीचा आकडा, लांबलचक, मध्ये दोन तिरक्या रेघा.
जेवताना तिने तो मोठ्याने वाचला.
"हा माझा नंबर की तुझा?" मेरिस्काने विचारलं.
कुणालाच सांगता आलं नाही.

पहिला सोमवार.
फ्रान्सीनाने चर्चचा ब्लाउज घातला,
मग आपल्याच घरात अवघडून
त्यावर रोजचा एप्रन बांधला.
इनॅमलच्या मगावर चमचा वाजवला, तीनदा.
मूल टेबलाखाली, करडाला बोट चोखायला देत.
वाचन झालं अर्धं पान.
गणितात पाव गोल कापला: अर्धा, पाव, आठवा.
आठव्याचा अर्धा किती, तिने विचारलं
आणि उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही हे
विचारल्यावर लक्षात आलं.
"उद्या सांगते," म्हणाली.
रात्री पुस्तक उघडून बसली
सातवीच्या दाराशी, एकटीच.

पण ते नंतर. सकाळी आधी हजेरी होती,
पत्रात लिहिलंय, रोज ठेवावी.
वहीवर रेघा मारून तिने नाव पुकारलं,
चार हातांवरच्या मुलीला, पूर्ण नावाने.
"हजर!" टेबलाखालून.

दारात एल्रिको, चौकटीला टेकून,
पायात वडिलांचे जुने बूट, वय सोळा.
अर्जात त्याच्यासाठी रकाना नव्हता.
तिने पेन खाली ठेवलं, पेन्सिल घेतली
आणि दुसऱ्या ओळीत
त्याचं नाव हलक्या हाताने लिहिलं.
पुकारलं नाही.

बाहेर वारा पडला होता,
पवनचक्कीचं एक पातं अर्ध्यावर थांबलेलं.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
"सोळावा."