फाटकापाशी खुर्ची

ऑगस्टात इथे गाई व्यायला लागतात.
साउथलंडच्या या टोकाला, न्यूझीलंड जिथे संपतच येतं,
तेव्हा गारठा असा की डिझेलसुद्धा कुरकुरतं.
मी पहाटे चारला ट्रक काढतो.
फाटकाफाटकाशी, रस्त्याला लागून, एकेक लाकडी खोका,
आत चार दिवसांचे गोऱ्हे,
नाळ नुकती वाळलेली, कानात बिल्ला.
उचलायचे, मोजायचे, सही घ्यायची,
पुढचं फाटक.
सगळं कायद्यात बसतं.
चौथा दिवस भरल्याशिवाय मी कुणालाच घेत नाही.

मोराग टलक खुर्ची टाकून बसली
ती सख्ख्या भावाच्या फाटकाशी.
घडीची खुर्ची, नदीवर गळ टाकायला नेतात तसली.
मांडीवर वही.
फलक नाही, घोषणा नाही
(एक फलक आणला होता पहिल्या दिवशी,
वाऱ्यानं तो मेंढ्यांच्या कुरणात नेला).
तारीख लिहायची, आकडा लिहायचा,
आणि रंग. कपाळावर चांदवा असला तर तेही.

चाळीस वर्षं तिनं याच कळपाला
दूध काढायच्या नळ्या लावल्या होत्या.
मला म्हणाली,
"वासरू नेलं की गाय पान्हा चोरायची.
'चोरटी आहे मेली,' आम्ही म्हणायचो,
आणि कासेवर कढत पाण्याचं फडकं फिरवायचो.
एका सकाळी तो शब्द
माझ्याच तोंडून मला ऐकू आला.
दूध कुणाचं, आणि चोर कोण?"

मी म्हटलं, घराचे हप्ते आहेत, मोराग.
"ठाऊक आहे. तुझ्यावर नाही बसलेय मी."
मग कुणावर?
ती पेन्सिलीला टोक काढत राहिली.

तुझे बूट तर कातड्याचे, मी एकदा टोचलं.
"बाबांचे आहेत. फेकले तर ती गाय
दुसऱ्यांदा मरेल.
जमेल तितकं, पोरा, जमेल तितकंच.
पण जमत नाही म्हणण्याआधी
एकदा करून तर बघ."

अग्निशामक बंबाच्या वर्गणीला गाव जमलं
तेव्हा टेबलभर चीज रोल, वाफाळते, लोण्यानं चकाकणारे.
तिनं आणलेले सूर्यफुलाच्या बियांचे,
टेबलाच्या पार टोकाला, जसेच्या तसे.
भावानं तिच्याकडे पाठ केली.
बायका हवापाण्याचं बोलल्या.
डेव्हलिनच्या धाकट्यानं मात्र एक उचलला,
चावला, आणि म्हणाला, "वाईट नाहीये."
वाईट नाहीये!
दोन आठवडे ती मला हेच सांगत होती,
जणू अख्खी संसद
तिच्या बाजूनं उठून उभी राहिली.

मला हसू यायचं. अजूनही येतं.
एक बाई, एक खुर्ची;
आणि माझ्या मागे येणारे ट्रक किती,
ते मलाही माहीत नाही.

मग सप्टेंबरच्या एका मंगळवारी
खुर्ची होती, ती नव्हती.
फ्लू, भाऊ म्हणाला. आणि घाईनं पुढे,
"दवाखान्यात आहे, पण बरी आहे."
घाई कशाची होती त्याला?

खोका उघडला. नेहमीसारखंच एकानं
माझा अंगठा तोंडात घेतला,
खरखरीत जीभ, ओढ केवढी,
जणू माझ्या हाडातही चीक असेल.
मी ओढून घेतला. घ्यावाच लागतो.

वही कुठे ठेवते ती, मला माहीत नव्हतं.
पेन होतं कानामागे.
तळहातावर लिहिलं: अकरा.
जरा थांबून: एक चांदव्याचा.

दुपारी बायकोनं विचारलं, हातावर हे काय?
म्हटलं, निरोप आहे कुणाचा तरी.
तिनं चहा पुढे केला. दूध घातलेलाच.
प्यालो.

दोन दिवस साबणानं घासतोय.
आकडा गेला.
चांदवा अजून आहे.