मागील रीडिंग, चालू रीडिंग

एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
चोडणातली कुत्री मला भुंकत नाहीत,
ही माझी खरी कमाई.
कुणाचा फ्यूज कुठे, कुणाचा आकडा कुठे,
कुणाच्या सोप्यात कोण रुसून बसलंय,
डब्यात बॅटरी मारून चाक बघता बघता
सगळं कळायचं. लिहायचो फक्त युनिट.

निवृत्तीनंतर फेरीबोटीने पणजीला गेलो,
दोन दिवसांच्या शिबिराला.
उपमा, चहा, हिरवी टोपी, शिट्टी,
पक्ष्यांचा प्लास्टिक चढवलेला तक्ता.
"मुलांना सांगू नका, बघू द्या,"
असं शमिलाबायने आम्हांला तीन तास सांगितलं.
मी वहीत उतरवून घेतलं.

पहिल्या शनिवारी बांधावर अठरा मुलं.
"बाळांनो, खारफुटी म्हणजे किनाऱ्याची ढाल…"
आरशासमोर दोनदा म्हटलेलं,
तिसऱ्यांदा घशात अडकलं.
एल्विटो चिखलात चप्पल शोधत होता.
दोघं कुर्लीच्या बिळात काडी घालून
कुर्लीशी बोलत होती.
मी शिट्टी वाजवली.
खंड्या उडाला.
तक्त्यातला तेवढाच एक हजर होता.

तेव्हा स्वरांगी पागी, इयत्ता चौथी,
जिचा बापूस मानशीचं दार सांभाळतो,
म्हणाली,
"सर, ही तिवर. ती पलीकडली कांदळ.
खारफुटी खंयची?"

मी तक्ता उलटा करून पाहिला.
मागे छापखान्याचा फोन नंबर होता.

मग तिनेच दाखवलं.
तिवरीची मुळं चिखलातून वर आलेली,
कुणीतरी वर्गभर पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी.
कांदळीची शेंग झाडावरच कोंब धरते,
सुटली की सुळकन खाली, उभीच रुतते.
"आणि खाली भरती असली तर?"
"तर व्हांवत वता. दुसऱ्याच्या गावात रुजता."
अठरा डोकी तिच्याभोवती.
शिट्टी माझ्या खिशात.

परतताना ते घर आलं.
तीन मजले, निळ्या काचा, गेटला कुलूप.
तिथे खाजन होतं. कोरगूट पिकायचं.
"हांगा माती कोणें घाली?" एल्विटोने विचारलं.

मला माहीत होतं.
लाल मातीचे ट्रक जाताना
वाट द्यायला मी मोटरसायकल बाजूला घेतली होती,
एकदा नाही, महिनाभर.
आणि मीटर बसल्यावर पहिलं रीडिंग माझंच:
मागील शून्य, चालू चार.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ठीक.

"तुमी पळयल्लें?" स्वरांगी.
हो.
"मागीर?"

मागीर काही नाही, बाय.
मागीर मी पुढच्या घरी गेलो.

हे शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं.
मी गेटबाहेर उभा राहून सगळं सांगितलं,
ट्रक, रकाना, तो एक शब्द.
मुलं रागावली नाहीत,
त्यामुळे जास्तच जड गेलं.
एल्विटोने फटीतून डोळा लावला:
"सर, घर बंद. मीटर चालू!"
आणि खरंच, रिकाम्या घरात
लाल ठिपका लुकलुकत होता.

आता तक्ता घरी असतो.
टोपी घालतो, ऊन असतं म्हणून.
वहीत जुनेच रकाने आखलेत,
हाताला दुसरे येत नाहीत.
मानशीच्या डाव्या अंगाला कांदळीचे कोंब:
मागील तेवीस, चालू एकोणीस,
फरक चार.

शेऱ्यात ठीक लिहायचं नाही,
हे मुलांनी ठरवलंय.
म्हणून तो रकाना स्वरांगीकडे.
जीभ बाहेर काढून, शाई सांडत
तिने या शनिवारी लिहिलं:
"चार म्हशीने खाल्ले.
म्हैस पुंडलिकमामाची.
सर त्याच्याशी बोलणार आहेत."

मी अजून गेलेलो नाही.
पुंडलिकची कुत्रीही मला ओळखतात.
उद्या जातो.