फेरी तीन, टोपली सात

दिलबहादूर दुपारपासून खिडकीशी उभा आहे.
भांडत नाही. दर अर्ध्या तासानं फक्त विचारतो,
"म्याडम, माझा अठरा किलो कुठं गेला?"

काट्याच्या चिठ्ठीवर सुरमई बेचाळीस,
हसूराम तांडेलाच्या तोंडी बेचाळीस,
संस्थेच्या स्क्रीनवर चोवीस.

चूक माझीच. लिलावात कुणी बेचाळीस ओरडलं
की कानावर आधी बे येतो,
बोट आधी दोन दाबतं, मागाहून चार.
हे कळलं सोमवारी. सोमवारीच दुरुस्त केलं.
मंगळवारी पुन्हा. आज सकाळी पुन्हा.
स्क्रीनवर चोवीस.

हर्णैचं बंदर मी असं मांडलंय:
बंदरात बोटी, बोटीत फेऱ्या,
फेरीत टोपल्या, टोपलीच्या तळाशी एक आकडा.
आणि भाषा निवडली ती अशी
जिच्यात काहीच पुसता येत नाही.
आकडा बदल म्हटलं तर नवी टोपली विणून हातात देते,
जुनी जिथल्या तिथे.
निवडताना फार आवडलं होतं हे.

आधी वाटलं, मोजणी शून्यापासून,
मी भलत्याच टोपलीत हात घालतेय.
शेजारची उघडून पाहिली.
ढोमा, एकोणीस किलो. बिचारा निर्दोष.

मग प्रत्येक पायरीवर एक ओळ छापायला लावली,
जशी अंधारात होडी हाकताना
काठी टेकवत जातात तळाला.
टोपली: बेचाळीस.
फेरी: चोवीस.
बोट: चोवीस.

म्हणजे इथे. या दोन ओळींच्या मध्ये.
फंक्शननं टोपली विणली होती, नीट, तिन्ही वेळा,
आणि तिन्ही वेळा मी ती वाळूवर ठेवून
घरी गेले होते.
भरती आली, घेऊन गेली.

घाईत म्हटलं, ठेव बोटीत.
आणि 'दर्यादौलत' गेली.
ना इंजिन, ना परवाना, ना खलाशी,
बोटीच्या नावापुढे फक्त
सुरमई, बेचाळीस.
हसूराम चष्मा पुसत वाकला,
"बोट बुडवलीस काय गो सईदा?"
मला हसू फुटलं. त्याला नाही.
बोटीत टोपली ठेवायची, तर मी
बोटीच्या जागी टोपली ठेवली होती.

पण एक पाऊल मागे गेले
तर मघाचं बंदर तसंच,
'दर्यादौलत' नांगरावर, सगळ्या टोपल्यांसकट.
काही पुसता येत नाही
ते असं उपयोगी पडतं.

बर्फाच्या कारखान्याचा भोंगा झाला.
चहा आला, त्यावर साय धरली.
मग आतून बाहेर, हळू.
नवी टोपली.
तिच्याभोवती तिसरी फेरी, नवी.
फेरीभोवती बोट. बोटीभोवती बंदर.
बाकीच्या टोपल्या उचलल्यासुद्धा नाहीत,
तोच ढोमा, तीच कोळंबी,
जुन्या बोटीच्या आणि नव्या बोटीच्याही.
एका आकड्यापायी अख्खं बंदर नवं,
आणि नवं मोजलं तर चारच गोष्टी.

टोपली: बेचाळीस.
फेरी: बेचाळीस.
बोट.
बंदर.
चारही ओळी मी मोठ्यानं वाचल्या, लिलाव पुकारावा तशा.

अठरा किलो, चारशेचा भाव,
अर्धे मालकाचे, उरल्याचे बारा वाटे.
दिलबहादूरच्या वाट्याला तीनशे रुपये.
त्यानं दोनदा मोजले, खिशाचं बटण लावलं,
तरी हलला नाही.
"आणि तो चोवीस?"

दाखवला. सोमवारचं बंदर काढून दाखवलं,
तारखेसकट, वेळेसकट.
तिथे अजून तुझे तीनशे येणं आहे,
हे काही मी बोलले नाही.
म्हटलं, "काढून टाकू?"

बाहेर ओहोटीच्या वाळूत बैलगाडी रुतली होती,
दोघे मागून रेटत होते.
त्यानं स्क्रीनवरच्या चोवीसवर बोट ठेवलं,
बोटाला मिठाचे चिरे.

"राहू दे," म्हणाला.
"पुढच्या वेळी मालकाला दाखवायला."