वारंवार विचारले जाणारे

पुस्तकाचं नाव लांबलचक,
पण मुखपृष्ठावर ठळक एवढंच:
वारंवार विचारले जाणारे.
प्रत्येक शब्दापुढे तारे.
तीन तारे म्हणजे येणारच, दोन म्हणजे बहुतेक,
एक म्हणजे ज्याचं त्याचं नशीब.
उत्तरं लाल शाईत. सोबत लाल प्लास्टिकची एक पट्टी;
ती ठेवली की लाल अक्षरं जातात,
काळी तेवढी उरतात.

त्सुरुओकात फेब्रुवारी.
छपरावरचा बर्फ मध्येच धप्पकन खाली येतो
आणि सेइगो मान वर करत नाही.
पंधरा वर्षांचा. ओठांवर नुकती सावली.
"विचार," म्हणतो.
मी विचारते. मांडीवर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर,
ओठांत टाचणी.

"ओमोमुकु."
तो लिहितो: धावणं,
आणि धावण्याला चिकटलेली
कौल लावायची ती इवलीशी खूण.
नऊ रेघा. नेमलेल्या जागी निघून जाणं.
"वाक्यात उपयोग कर."
"बाबा कामासाठी तोमाकोमाईला ओमोमुकु."
"भूतकाळात कर की," मी म्हणते,
"चार वर्षं झाली."
तो करतो. खोडरबराचा भुगा फुंकरतो.
"आणि परत येणं? ते नाही का यादीत?"
"ते दुसरीत होतं, आई.
ते आता कोण विचारतं."

"त्सुकुरोऊ." तीन तारे.
पेन्सिल थांबते. तो माझ्या हातांकडे बघतो.
"तू आत्ता करतेयस ते."
"हो. लिही."
येत नाही. "तू दाखव लिहून."
मी टाचणी काढते, पेन्सिल घेते,
आणि कागद कोराच.
बावीस वर्षं दुकानात हेच काम,
पावतीवर लिहिते ते साध्या बालबोध अक्षरांत,
एरवी फोनच पुढे करतो हवं ते चिन्ह.
ज्या शब्दावर घर चालतं
तो मला लिहिता येत नाही.
सेइगो हसला. किती दिवसांनी.

पट्टी सरकवली.
डावीकडे धागा. उजवीकडे वर मेंढी, खाली तोंड.
अठरा रेघा.
अर्थ एक: फाटलेलं शिवणं, रफू.
त्याखाली बारीक अक्षरांत, अर्थ दोन:
फाटलंय ते कळू न देणं. सारवासारव.

रात्री तो झोपल्यावर फोन आला.
आणखी एक वर्ष, म्हणाले. कंपनीचं पत्र आलंय.
त्याला सांग, पण परीक्षा होऊ दे.
मागे यंत्रांची घरघर, का वारा होता.
मी म्हटलं, बरं. इकडे सगळं ठीक.
फ्रिजवर मार्चचं पान आधीच उलटलेलं,
अठ्ठावीस तारखेभोवती लाल गोल, सेइगोने काढलेला.
मी पट्टी घेतली आणि पानावर धरली.
गोल गेला.
त्याबरोबर सगळे रविवार गेले, सुट्टीही गेली.
बिनरविवारांचा महिना;
पोरगा नोव्हेंबरपासून यातच राहतोय
आणि मी आज पाहतेय.

परीक्षेहून आला तो मोजे भिजवून.
"त्सुकुरोऊ आला नाही."
"मग?"
"एका ताऱ्याचा आला. मी गाळला होता तो."
दोन वाट्या भात खाल्ला, वर रस्सा ओतून.
मी काही विचारलं नाही.
त्यानेच विचारलं, वाटी उचलता उचलता:
"बाबा अठ्ठावीसलाच येतायत ना?"

पावतीच्या पाठीवर मी गिरवत बसलेले.
आता येतं मला. धागा, मेंढी, मग तोंड.
सतरा रेघा झाल्या की ते तोंड खालून उघडं असतं.
अठरावी आडवी रेघ ते मिटते.

मी सतराव्या रेघेवर थांबले.
"सेइगो," म्हटलं,
"वाटी राहू दे. बस जरा."