साडेअठरा

माझ्या जिभेला आकडे येतात.
वीस हंगाम झाले, मोहाडीच्या पॅकहाउसात
मण्याचा थेंब काचेवर टेकवायचा,
नळी उजेडाकडे धरायची,
निळं संपून पांढरं सुरू होतं तिथला आकडा
मोठ्यानं सांगायचा: सतरा. साडेसतरा. अठरा.
आता नळीच्या आधी जीभच सांगते.
द्राक्ष मी खात नाही. वाचते.

फेब्रुवारीत न्हावाशेव्याहून रिकामा कंटेनर घेऊन
कौतिक गांगुर्डे आला,
सीटखालून वर्तमानपत्राची पुडी काढली.
"शेजारच्या गाडीवाल्यानं दिली. बोटीतून आलीत.
नाव सांगितलं व्हतं त्यानं,
कसाऱ्यापर्यंत ध्यानात व्हतं, घाटात सांडलं."

सहा फळं. जांभळी, जवळजवळ काळी,
भरायच्या वांग्याएवढी, पण कडक,
डोक्यावर जाड हिरव्या पाकळ्यांची टोपी.
केदूनानानं सालीसकटच दात लावला.
सुतळी ओढून पोतं आवळावं
तसं त्याचं तोंड झालं.
"हिरडा बरा," म्हणाला, आणि नळावर गेला.

मग लंका पगारनं एक टेबलावर ठेवलं,
मूठ वळली,
आणि भाकरीसोबतचा कांदा फोडतो
तशी एकच दिली.
साल फाटली. आत
लसूण.
"लसूणच की गं!"
एक पाकळी थोराड, बाकी बारक्या,
पांढऱ्या, ओल्या,
वास मात्र कशाचाच नाही.

वत्सला कडाळेची चतुर्थी होती.
"उपासाला चालतं का?"
प्रश्न खरा होता. कुणाच्याच आईनं
याच्याबद्दल काही सांगून ठेवलेलं नव्हतं.
लंका म्हणाली, साबुदाणा काय गंगेतून आला?
बटाटा तरी कुठं आपल्या आजोळचा?
देव त्यालाही सरावलाच ना हळूहळू.
वत्सलानं न उगवलेल्या चंद्राला हात जोडले,
पाकळी तोंडात टाकली
आणि बोलेचना.

"कशासारखं?"
"सीताफळ."
मग, "नाही. ताडगोळा, पण आंबटसर."
मग, "थांबा गं जरा."

माझ्या वाट्याला बारकी आली.
जीभ सवयीनं आकडा शोधायला निघाली.
अंधारात जिना संपला तरी
पाय एक पायरी जास्तीची उतरतो ना,
तशी ती खाली गेली,
आणि खाली गार पाणी होतं.

मी नळी आणली. थेंब टेकवला.
साडेअठरा.
आपल्या थॉमसनचा परवाचा आकडा.
काच पुसली, पुन्हा पाहिलं.
साडेअठरा.
मग वीस वर्षं मी काय मोजत होते?

सालीच्या बुडाशी छापल्यासारखं एक फूल असतं,
ते नंतर दिसलं.
त्याच्या पाकळ्या मोजल्या: सहा. आतही सहा.
दुसऱ्याला पाच. आतही पाच.
फोडायच्या आधीच खरं सांगून मोकळं होणारं फळ.
आमच्याकडं त्याला प्रयोगशाळेचा कागद लागतो,
वर शिक्का.

सुट्टी संपली. पट्टा सुरू झाला.
कुणी बघत नाही असं पाहून
मी घडातला एक मणी तोंडात टाकला.
म्हटलं, हाही बोटीतून उतरलाय असं समजू,
याचंही नाव घाटात सांडलंय.
डोळे मिटले.
जीभ ताबडतोब म्हणाली: अठरा.
लिहिलं.

अॅप्रनवर सालीचा रस उडाला होता.
सोड्यानं निघाला नाही, लिंबानं नाही.
शिरसाठ साहेब म्हणाले, नवा घ्या,
ऑडिटला माणसं यायचीत.
जुना घरी आणलाय, भांडी घासताना बांधते.
डाग जांभळ्याचा तपकिरी होत चाललाय.
कौतिकला नाव अजून आठवलेलं नाही.
फोन करून विचारीन म्हणतो त्या गाडीवाल्याला.
आम्ही म्हणतो, राहू दे.